तिसरा टँक कोणत्या रस्त्याने गेला

रविवार, दिनांक १२ जानेवारी २०२५, सकाळी नऊ वाजून पंधरा मिनिटे. केळझरच्या अलीकडे नामदेवच्या शेतातील शेडमध्ये खेळाच्या मांडणीला सुरुवात झाली. वेळ मी घड्याळात पाहून लिहून ठेवली आहे. ज्या तरुणाने खेळ आणला होता, त्याने नऊची वेळ दिली होती आणि तो स्वतः नऊ वाजून दहा मिनिटांनी आला. दहा मिनिटांच्या उशिराबद्दल तो हसून ‘सॉरी काका’ म्हणाला. मी हसलो नाही.

संपादकांनी माझ्याकडे लष्करी जीवनातील थरारक आठवणी मागितल्या होत्या. थरार ज्यांनी पाहिला ते सहसा लिहीत नाहीत, आणि जे लिहितात ते बहुधा त्या वेळी मागे तंबूत चहा पीत होते. मी माझ्या कामाबद्दल लिहीन. वाचकांना कंटाळा आला तर त्यांनी पान उलटावे.

अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीपैकी अकरा वर्षे मी प्रशिक्षण केंद्रात उस्ताद होतो. वर्तमानपत्रे ज्याला रणगाडा म्हणतात, त्याला आम्ही टँकच म्हणत असू. टँकची लढाई अधिकाऱ्यांना जमिनीवर दाखवण्यापूर्वी वाळूवर दाखवावी लागते, आणि ती वाळू रचणे हे माझे काम होते. पंधरा फूट लांब, दहा फूट रुंद असा उथळ खड्डा. त्यात चाळलेली वाळू. नकाशा मांडीवर घेऊन उंचवटे हाताने थापायचे. पाण्यासाठी कपड्यांची नीळ, गव्हासाठी हिरवा रंग दिलेला लाकडाचा भुसा, रस्त्यासाठी तपकिरी लोकर, धुरासाठी कापूस. या ठिकाणाहून ते ठिकाण दिसते की नाही, हे दोरा ताणून पाहायचे. दोरा मध्ये कुठे वाळूला टेकला, तर दिसत नाही. एवढे साधे शास्त्र आहे. ते न कळणारी माणसे मी अकरा वर्षे पाहिली.

एका कप्तानाने चौदा टँक एका बोटाने नदीपार ढकलले. मी विचारले, “साब, पूल?”

“वो इंजिनियर बनाएँगे.”

“कब तक, साब?”

“जब तक बनाएँगे, मैं उस पार पहुँच चुका हूँगा.”

त्याला त्या सरावात उत्तम शेरा मिळाला.

पाहणीला आलेल्या एका ज्येष्ठ अधिकाऱ्याचा बूट घसरून शत्रूच्या राखीव तुकडीवर पडला. सगळी तुकडी वाळूत गेली. ती पुन्हा मांडण्याची परवानगी मी मागितली. मिळाली नाही. अहवालात ती तुकडी नष्ट झाल्याचे दाखवण्यात आले आणि आमचा विजय झाला.

मी प्रत्येक वर्गाला एकच गोष्ट सांगत असे: मॉडेलवर वाकून पाहू नका, जमिनीवर पालथे पडा आणि डोळा टँकच्या उंचीला आणा. वरून पाहणाऱ्याला सगळे दिसते. टँकमधल्या माणसाला समोरचा बांधसुद्धा भिंतीएवढा असतो. इस्त्रीचा गणवेश खराब होईल म्हणून कोणी पडत नसे. अकरा वर्षांत एकच लेफ्टनंट पडला. त्याचे नाव मला आठवत नाही, पण त्याच्या कोपराला लागलेली नीळ आठवते.

आता केळझरकडे येतो.

अनिकेत नावाचा पस्तिशीचा एक गृहस्थ सावंगीला राहतो. घरी बसून संगणकावर कुठल्यातरी परदेशी कंपनीचे काम करतो आणि उरलेल्या वेळात काडेपेटीच्या निम्म्या आकाराचे टँक रंगवतो. या टँकांनी टेबलावर फासे टाकून लढाया खेळणारी माणसे जगभर आहेत, असे तो सांगतो. घडून गेलेली लढाई वेगळी घडली असती तर, हा त्यांचा आवडता प्रश्न. ज्यांना खऱ्या लढाईत काही गमवावे लागले नाही, त्यांना हा प्रश्न मनोरंजक वाटणे साहजिक आहे.

नामदेवचा मुलगा सावंगीला भाजीचे दुकान लावतो. अनिकेतच्या सदऱ्यावर टँकचे चित्र पाहून तो म्हणाला, “माहा बाप हेच चालवाचा.” तेथून हे प्रकरण निघाले. अनिकेत नामदेवला भेटला. आमच्या रेजिमेंटच्या माजी सैनिकांनी हिंदीत छापलेली स्मरणपुस्तिका त्याच्याकडे होती. तिच्यातले एक वाक्य त्याने नामदेवला वाचून दाखवले: तिसऱ्या टँकच्या चालकाने जमीन अयोग्य ठरवल्यामुळे विलंब झाला.

तो चालक नामदेव. त्या टँकचा कमांडर मी.

आठवड्याने मला देवळीला नामदेवचा फोन आला. “दफेदार साब, पोट्टा ते लढाई खेळून दाखवतो म्हन्ते. सरळ गेलो असतो तं काय झालं असतं, ते. मले पाह्याचं हाय.”

“खेळण्यानं काय कळन तुले?”

“थे मले नाई मालूम. तुमी या. तुमच्याबिगर होत नाई.”

मी रिसालदार मेजर म्हणून निवृत्त झालो. एकाहत्तरमध्ये मी लान्स दफेदार होतो; त्यापुढची माझी एकही बढती नामदेवने आजवर मान्य केलेली नाही.

डिसेंबर एकाहत्तरमध्ये काय घडले, ते थोडक्यात सांगतो. पश्चिम सीमेवर, एका नाल्यापलीकडे. आमच्या टोळीत, म्हणजे ट्रूपमध्ये, तीन टँक. पहिल्यात टोळीप्रमुख, बावीस वर्षांचा सेकंड लेफ्टनंट. एक टँक पुढे सरकतो तेव्हा दुसऱ्याने थांबून त्याच्या पुढची जमीन राखायची, ही आमच्या कामाची पहिली रीत आहे. लेफ्टनंट साहेबांनी मला वायरलेसवर हुकूम दिला: डावीकडचे शेत ओलांडून टेकाडावर जा, समोरच्या उसावर नजर ठेव, तू पोहोचलास की मी निघतो.

शेत गव्हाचे होते. नुकतेच पाणी दिलेले, काळपट, चकाकणारे. मी टँक थांबवला. चालकाला फटीतून थोडेसेच दिसते. कमांडर वर डोके काढून उभा असतो. म्हणून कोठून जायचे, हे कमांडर ठरवतो. जमिनीबद्दल मात्र तो चालकाला विचारतो, कारण टँकचे वजन चालकाच्या पायाला कळते. नामदेव उतरला. दहा पावले आत गेला. टाच दाबली, मूठभर माती उचलून वळली आणि मागे येऊन म्हणाला, “साब, खाली रेती हाय. मातीचा गोळा होऊन नाई राह्यला. चालते.”

मी त्या शेतात आमचे शेत पाहिले. आमच्याकडे असे ओले काळे रान म्हणजे बैलगाडी कण्यापर्यंत आत जाणार. लहानपणी वडिलांबरोबर चिखलातून गाडी काढण्यात माझे कित्येक दिवस गेले आहेत. वर्ध्याचा माणूस ओल्या काळ्या मातीवर विश्वास ठेवत नाही. नामदेवही वर्ध्याचाच, पण त्याने हात लावला होता, मी लावला नव्हता. मी म्हणालो, “गुमान बस. बांधावरून घे.”

बांधाचा रस्ता फेरा घालून जात होता. वीस मिनिटे लागली. लेफ्टनंट साहेबांना वरिष्ठांकडून वायरलेसवर विचारणा होत राहिली की थांबलात का. अखेर ते आमच्याशिवाय निघाले. उसात लपवलेल्या तोफेने त्यांचा टँक टिपला. तिघे भाजलेले बाहेर आले. लेफ्टनंट साहेब आले नाहीत. आम्ही टेकाडावर पोहोचलो तेव्हा धूर सरळ वर जात होता.

दोन दिवसांनी एका तंबूत जबानी झाली. विचारण्यात आले, “देरी क्यों हुई?” मी म्हणालो, “साब, ड्राइवर ने उतरकर ज़मीन चेक की, फिर बाँध से आए.” यात खोटा शब्द एकही नाही. लिहिणाऱ्याने त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला, कागद मला वाचून दाखवला आणि मी सही केली. मला त्या वर्षी बढती मिळायची होती. मिळाली. नामदेवला लंगरमध्ये, म्हणजे जवानांच्या जेवणघरात, ‘मिट्टी’ म्हणू लागले. तो येताना दिसला की कोणीतरी टाच आपटून विचारी, “मिट्टी, चलेगी?” सवार, म्हणजे साधा शिपाई, म्हणून आलेला तो पंधरा वर्षांच्या नोकरीनंतर सवार म्हणूनच गेला. त्याने कोणापुढेही तोंड उघडले नाही. माझ्यापुढेही नाही.

तर शेडमध्ये अनिकेतने हिरवी कापडी चटई पसरली. तिच्यावर छापील गवत होते. ती मी गुंडाळून त्याच्या हातात दिली.

“काका, सगळीकडे हीच वापरतात.”

“म्हणूनच सगळीकडे चुकीचे खेळतात.”

वांगी तोलायच्या जागेवर मी माती टाकून घेतली. पुस्तिकेतला नकाशा होता. उरलेले माझ्या आणि नामदेवच्या डोक्यात होते. पाऊण तासात नाला, शेत, बांध, टेकाड आणि ऊस उभा झाला. उसासाठी ज्वारीचे धांडे कातरून लावले. माझे गुडघे आता वाकत नाहीत. पण थापलेली माती चुकली नाही. नामदेवने टेकाड पाहून चार बोटे माती वर चढवली. तो बरोबर होता.

अनिकेतने डब्यातून टँक काढले. त्यांच्यावर त्याने मेहनतीने गंज आणि धूळ रंगवली होती. गंजलेला टँक मी नोकरीत कोणाला दाखवला असता, तर मला महिनाभर भांडी घासावी लागली असती. नामदेवने एक टँक चिमटीत धरून उलटा केला.

“याचा पट्टा ढिला हाय.”

“काका, तो मोल्डच तसा आहे.”

“दोन किलोमीटर नाई जानार हा.”

नियम असे होते. टँक किती सरकला, शत्रू दिसला का, गोळा लागला का, हे फाशावर ठरते. फाशाची मला चीड आहे. परंतु एक गोष्ट मान्य केली पाहिजे: फासा कोणाचा हुद्दा पाहत नाही. आमच्या केंद्रातल्या सरावांपेक्षा तेवढ्यापुरता तो प्रामाणिक होता.

मी म्हणालो, “आधी जे घडले ते खेळा. खेळातून तेच निघाले नाही तर खेळ निरुपयोगी आहे.” तिसरा टँक बांधावरून नेऊन दोनदा खेळले. दोन्ही वेळा पहिला टँक उसासमोर गेला. दुसऱ्या वेळी अनिकेतने, “मस्त लागला,” म्हणत नारिंगी रंगाचा कापूस त्याच्यावर ठेवला. नामदेवने तो कापूस उचलून खिशात घातला. अनिकेतने त्यानंतर कापूस काढला नाही.

मग तो नियमांचा कागद घेऊन बसला. “आता सरळ शेतातून. जमीन मऊ आहे, म्हणून रुतण्याचा फासा टाकावा लागेल. ड्रायव्हरनं उतरून जमीन तपासली असेल तर त्याचा रिपोर्ट धरायचा. खराब म्हणाला तर दोन गुण वजा. चांगली म्हणाला तर रुतायची भीती नाही.” त्याने पुस्तिका उघडली. “इथे अयोग्य म्हटलंय. म्हणजे वजा दोन.”

त्याने पेन्सिल टेकवली. नामदेव धांड्यांकडे पाहत होता. माझ्याकडे त्याने पाहिले नाही. पाहिले असते तर बरे झाले असते.

या खेळात पंच मी होतो, आणि पंचाचे काम खेळाला खरी माहिती देणे आहे. अकरा वर्षे मी याच कामाचे वेतन घेतले.

“चांगली,” मी म्हणालो.

“काय, काका?”

“चालकाने जमीन चांगली सांगितली होती. खाली रेती आहे, टँक चालेल, असे तो म्हणाला. बांधावरून नेण्याचा हुकूम माझा होता.”

“पण पुस्तिकेत तर…”

“पुस्तिका चुकीची आहे. वजा दोन खोडा.”

अनिकेतने नामदेवकडे पाहिले. नामदेव म्हणाला, “खोड ना बाप्पा. पंच सांगून राह्यले.”

सहा वेळा खेळलो. टँक नामदेवने सरकवला, तोफ अनिकेतकडे, दोरा माझ्याकडे. दोरा टेकला की नाही हे पाहायला मी नामदेवच्या शेडमध्ये पालथा पडलो, आणि उठायला मला दोघांची मदत घ्यावी लागली. टँक सहाही वेळा टेकाडावर वेळेत पोहोचला. दोन वेळा उसातली तोफ आम्हाला दिसलीच नाही आणि पहिला टँक गेला. चार वेळा दिसली. चारही वेळा आमचा गोळा आधी लागला.

दोन वाजले होते. नामदेवच्या सुनेने चहा आणून ठेवला होता. तो गार झाला होता.

नामदेवने विचारले, “किती?”

“सहापैकी चार.”

“म्हंजे लेफ्टनंट साब वाचले असते.”

“चार वेळा.”

“चार लय होते, साब.” तो तोलाच्या पाटीवर बसला. “मले वाटे, सहाच्या सहाही वेळा त्याईचा टँक जाईन. मंग मले झोप लागली असती.”

अनिकेत म्हणाला, “काका, हा शेवटी गेम आहे. पुन्हा खेळलो तर वेगळं येईल.”

“तू चूप बस जरा,” नामदेव म्हणाला. आवाज चढवला नाही. मग माझ्याकडे वळला. “मले मालूम होतं, चालते. पायाले मालूम होतं. मंग मी तुमचं काऊन आयकलं?”

“हुकूम होता म्हणून.”

“हुकूम तं होता. पन मी दुसऱ्यांदा नाई म्हटलं. एक डाव बोललो अन् बसलो. दुसऱ्यांदा म्हटलं असतं तं तुमी आयकलं असतं का?”

मी विचार करून उत्तर दिले. “नाई.”

“खरं सांगता?”

“तुले दोन शिव्या देल्या असत्या अन् बांधावरूनच घेतलं असतं.”

त्याने गार चहा पिऊन टाकला. “हे एक बरं सांगितलं,” तो म्हणाला. “आता लिहून द्या.”

“कोनाले?”

“ज्यायनं छापलं त्याईले. पोट्टं मले इचारते ना घरी, आजोबा, तुमच्यानं उशीर झाला का. त्याले काय दाखवू? हे धांडे?”

अनिकेतने मोबाइल पुढे केला. लगेच ई-मेल करू, तो म्हणाला. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर पत्ता आहे.

“कागदावर,” नामदेव म्हणाला. “सहीनं.”

अनिकेतच्या वहीचे पान घेऊन मी हिंदीत लिहिले, कारण छापणाऱ्यांना मराठी येत नाही. चार ओळी झाल्या. नामदेवने चष्मा लावून बोट ठेवत वाचले आणि पहिल्या ओळीवर थांबला.

“हे काय लिहिलं तुमी? ‘ड्राइवर ने ज़मीन चेक की.’”

मी पाहिले. तसेच लिहिले होते. त्रेपन्न वर्षांनी, तोच माणूस शेजारी बसलेला असताना, माझा हात त्याच वाक्याकडे गेला होता. मी इतरांच्या चुका मोजण्यात आयुष्य घालवले. या एका चुकीला मी कधी गुण दिले नव्हते.

“चेक तं कोनीही करते,” नामदेव म्हणाला. “मी काय म्हटलं, ते लिहा.”

मी पान फाडले. दुसऱ्यावर लिहिले: चालकाने जमीन चांगली असल्याचे सांगितले. कमांडरने ते ऐकले नाही आणि टँक बांधावरून नेला. उशिराला कमांडर जबाबदार आहे. जबानीत ही गोष्ट मी सांगितली नाही. खाली नाव, हुद्दा, सही आणि तारीख. नामदेवने पुन्हा वाचले. अनिकेतला त्याचा फोटो काढायला लावून तो मुलाच्या मोबाइलवर पाठवायला सांगितला. मग मूळ कागद घडी करून माझ्याकडे परत दिला.

“टाकता ना?”

“टाकतो.”

“जाजो मंग. बस निघून जाईन.”

तो आयुष्यात प्रथमच मला एकेरीत बोलला. मी ते दुरुस्त केले नाही.

केळझरहून वर्धा आणि वर्ध्याहून देवळी. बसमध्ये जागा मिळाली. घरी पोहोचलो तेव्हा पावणेसहा झाले होते. कपाटातून लिफाफा काढला, कागद आत घातला, पुस्तिकेवरून उतरवून आणलेला पत्ता ठळक अक्षरांत लिहिला, तिकीट लावले, लिफाफा डिंकाने बंद केला आणि डिंक वाळेपर्यंत त्याच्यावर शब्दकोश ठेवला. मग बाजाराच्या कोपऱ्यावरील टपालपेटीपर्यंत चालत गेलो. रविवार असल्याने पेटी सोमवारी सकाळी उघडणार होती. लिफाफा टाकला. पेटीचे तोंड गंजलेले असून कागद कडेला अडकतात, म्हणून बोटे आत घालून तो खाली गेला असल्याची खात्री केली.